गोडंबीचं कार्ड

गोजाबाईला बिब्बा उतत नव्हता, आणि एवढी एकच पदवी तिच्या नावावर होती. ज्याला उततो त्याची गत वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. बिब्ब्याचं काळं तेल थेंबभर लागलं तरी कातडं पोळतं, फोड येतात, तोंड सुजून डोळे मिटतात आणि माणूस आठ दिवस खोबरं चावत, जगाला शिव्या देत घरात पडून राहतो. गोजाबाई मात्र तीस वर्षं, थंडी सरत आली की तोच बिब्बा दगडावर ठेवून फोडत होती आणि आतली पांढरी गोडंबी अख्खीच्या अख्खी बाहेर काढत होती. ती गोडंबी पुढं सोलापूरच्या पेठेत जायची आणि तिथून कुणा बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात. लाडू खाणारीला त्या लाडवामागं कुणाचे हात काळे झालेत हे ठाऊक नसायचं, आणि लाडू गोड लागायला ते बरंच होतं.

मंद्रूपच्या पुढं, नदीकडं उतरणाऱ्या माळावर वनखात्याचं रान आहे. रान आपलं म्हणायचं. बाभळी, हिवर, तरवड, आणि मधल्या ओढ्याच्या दोन्ही काठांना साठ-सत्तर बिब्ब्याची झाडं. ती झाडं गोजाबाईला सासूनं दाखवली होती. सासूकडं द्यायला डागदागिना नव्हता, म्हणून तिनं सुनेला झाडं दिली. ह्याला आधी लागतात, त्याचे निम्मे किडके निघतात, ओढ्याच्या वळणावरच्याला सगळ्यात शेवटी हात लाव, एवढीच ती वाटणी. मायाप्पा, म्हणजे गोजाबाईचा नवरा, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जो जायचा तो मृगाच्या तोंडाला परत यायचा. त्यामुळं बिब्ब्याच्या दिवसांत गोजाबाईला घरात विचारणारं कुणी नसायचं, आणि रानात कुणाला विचारावं लागत नसे. वर्षातले तेवढे दोन महिने ती स्वतःच्या मर्जीनं जगायची, आणि ते तिला फार आवडायचं.

जोडीला मनकर्णा असायची. मनकर्णा बौद्धवाड्यातली, गोजाबाईपेक्षा पाच वर्षांनी लहान आणि बोलण्यात पन्नास वर्षांनी मोठी. दोघींची फोडायची रीत ठरलेली होती. फळं उन्हात चांगली वाळू द्यायची, कच्चा बिब्बा फोडायचा नाही. वाऱ्याकडं पाठ करून बसायचं, म्हणजे उडणारं तेल तोंडावर येत नाही. कोपरापर्यंत करडीचं तेल चोळायचं आणि वर चाळलेली राख. एकदा बसलं की हात तोंडाला न्यायचा नाही, आणि कशासाठीही उठायचं झालं तर आधी तेलानं हात पुसायचे, मग राखेनं घासायचे, पाणी सगळ्यात शेवटी. आधी पाणी लावलं तर बिब्बा अंगभर पसरतो. हे सगळं कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं ते शास्त्रीय नव्हतं.

शास्त्र आलं ते पौष महिन्यात, पांढऱ्या गाडीतून. गाडीवर लिहिलं होतं ‘रानमेवा समृद्धी अभियान’. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीला एकाएकी शोध लागला होता की गोडंबी ही फारच पौष्टिक वस्तू आहे. ती आता सुबक पुडीतून विकायची होती आणि पुडीवर ती वेचणाऱ्या बाईचा हसरा फोटो छापायचा होता. अभियानाचा समन्वयक होता विरुपाक्ष, तिशीतला, अक्कलकोटकडचा. फोनवर आईशी कानडीत बोलायचा आणि वाडीशी सरकारी मराठीत. पोरगा तसा वाईट नव्हता. त्यानं आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नव्हतं, फक्त त्याच्याकडं एक यंत्र होतं.

यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्रानं ओळखलं की ‘वनोपज संग्राहक’ म्हणून कार्ड. ज्या बाईकडं कार्ड तिलाच या वर्षीपासून रानात शिरता येणार आणि तिचाच माल कंपनी घेणार. हे सगळं बायकांच्या भल्यासाठी होतं, असं विरुपाक्षानं समाजमंदिरात तीनदा सांगितलं. पारंपरिक ज्ञान जपणाऱ्या खऱ्या हातांपर्यंत लाभ पोचला पाहिजे, असंही म्हणाला. गोजाबाईला ते वाक्य आवडलं. तिनं मनकर्णाला कोपरानं ढोसलं.

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, ठेवणीतलं इरकल नेसून, रांगेत पहिली उभी राहिली. उजवा अंगठा ठेवला. यंत्राचा दिवा लाल झाला. डावा ठेवला, लाल. मग दहाच्या दहा बोटं झाली. विरुपाक्षानं तिला बोट पदराला पुसायला सांगितलं, मग ओलं करायला, मग केसांवर घासायला सांगितलं. शेवटी त्यानं स्वतःच्या रुमालानं तिचा अंगठा पुसला आणि दिव्याखाली धरला. अंगठ्यावर रेघ नव्हती. तीस वर्षांच्या तेलानं, राखेनं आणि दगडानं बोटं पार चकचकीत करून टाकली होती. मनकर्णाचं तेच झालं. यंत्राच्या लेखी त्या दिवशी समाजमंदिरात दोन बाया आल्याच नव्हत्या.

वाट काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. फोनवर आकडा येतो तो सांगा, विरुपाक्ष म्हणाला. घरातला नोंदवलेला फोन मायाप्पाच्या खिशात, मायाप्पा मेंढरांमागं आणि मेंढरं कुठं ते मेंढरांना ठाऊक. डोळे तपासून ओळखणारं यंत्र अभियानाकडं एकच होतं, तेही दुरुस्तीला गेलेलं. रेशनच्या दुकानात सुनेचा अंगठा चालायचा, पण इथं ज्याचं कार्ड त्याचाच अंगठा पाहिजे होता. शेवटी विरुपाक्षानं वरच्या साहेबांना फोन लावून सल्ला आणला. आजींनी सहा-आठ महिने हातांना आराम द्यावा, बिब्ब्याला अजिबात शिवू नये, रेघा परत उमटतात, मग कार्ड नक्की मिळेल.

मनकर्णानं ते शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजी फोडायचं सोडलं की फोडायचं कार्ड गावतंय,” ती म्हणाली. “लई सोपं हाय की.”

कार्डं मिळाली तेरा बायकांना. त्या तेरांचे अंगठे नव्या नाण्यासारखे कोरीव होते, कारण त्यांनी बिब्बा पाहिला होता तो काष्ठौषधीच्या दुकानात, बरणीत. सरपंचांची सून काव्या त्यांत पहिली. पोरगी पदवीधर, बोलायला गोड, नखं रंगवलेली. मग मास्तरांची बायको, मग पिठाच्या गिरणीवाल्याची, मग ज्यांना फोटो काढून घ्यायची हौस होती त्या सगळ्या. पारंपरिक ज्ञान असं एका दुपारी तेरा घरांत पोचलं. गोजाबाईला वाटलं होतं की आपल्याला राग येईल, पण आली ती लाज. घरी लुगडं बदलताना तिनं आपल्या सुनेकडं पाहिलं नाही.

तरी ती पहाटे टोपली घेऊन रानाकडं गेलीच. वनरक्षकानं ओढ्याच्या अलीकडंच अडवलं. तो दर वर्षी तिच्याकडून मूठभर गोडंबी घ्यायचा, त्यामुळं बिचारा तिच्या तोंडाकडं न बघता चपलेकडं बघत बोलत होता. त्याच्या खांद्यावरून गोजाबाईला झाडं दिसत होती. पिवळी-नारिंगी बोंडं आणि त्यांच्या टोकाला काळे बिब्बे, सगळा सडा पडला होता. पंधरवड्यात ते वेचले नाहीत तर निम्मे किडणार आणि बाकीचे उंदीर नेणार. तीस वर्षांत तिला कधी वाटलं नव्हतं की ह्या रानाला दार आहे. आता ते दिसलं आणि आपण बाहेर उभं आहोत हेही दिसलं.

पुण्याच्या मॅडम पाहणीला येणार म्हणून चार दिवसांनी प्रात्यक्षिक ठरलं. कार्डधारक भगिनी गोडंबी काढून दाखवणार, त्याचं चित्रीकरण होणार. तेरा जणी रानात जाऊन टोपल्या भरून आल्या. किडका, कच्चा, पिका असला भेदभाव त्यांनी केला नाही. विरुपाक्षानं प्रत्येकीला पांढरे पातळ रबरी हातमोजे दिले, टोपी दिली, आणि शाळेपुढं पटांगणात सगळ्यांना ओळीनं बसवलं, उजेड तोंडावर यावा म्हणून वाऱ्याकडं तोंड करून.

गोजाबाई आणि मनकर्णा बघ्यांत उभ्या होत्या. गप्प राहायचं असं गोजाबाईनं घरून निघताना ठरवलं होतं. पण ओळीत काव्या होती, गिरणीवाल्याची बायको होती, आणि समोर ओले बिब्बे. ती पुढं झाली.

“सायेब, फळं कच्ची हायती. मोजं आतनं भिजत्यात, त्यांचा काय उपेग न्हाय. तेल-राख लावा आन् पाठ फिरवून बसवा समद्यास्नी.”

विरुपाक्षानं समजूतदारपणे मान हलवली. खायच्या वस्तूला राख लावणं आरोग्याच्या नियमात बसत नाही, हे त्यानं मॅडमना ऐकू जाईल अशा आवाजात तिला समजावलं. शिवाय हा प्रशिक्षित संग्राहकांचा कार्यक्रम आहे, आजींनी मागं बसून बघावं, आजींना खुर्ची द्या रे. खुर्ची आली. गोजाबाई बसली नाही, पण तिनं काव्याला डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. काव्या टोपी सारखी करत होती.

पहिला बिब्बा विरुपाक्षानं स्वतः फोडून दाखवला. दगड असा बसला की गोडंबीचा चुरा झाला आणि तेलाची पिचकारी उडाली. मग तेरा दगड सुरू झाले. माशी बसली म्हणून कुणी नाक पुसलं, कुणी टोपी सावरली, एकीनं रडणारं पोर कडेवर घेतलं तेव्हा मात्र गोजाबाईनं धावत जाऊन ते पोर काढून घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं. चित्रीकरण छान झालं. मधेच विरुपाक्षानं मोजे काढले, हातावर सॅनिटायझरचे चार थेंब चोळले आणि तो घाईघाईनं शाळेच्या भिंतीमागं गेला. पुरुष माणूस भिंतीमागं कशाला जातो हे सांगायला नको. मनकर्णानं गोजाबाईकडं बघितलं. गोजाबाईनं आभाळाकडं बघितलं.

“त्यास्नी सांगाय पायजे हुतं गं,” गोजाबाई हळूच म्हणाली.

“सांग की. कार्ड हाय का तुझ्याकडं?”

रात्रीपासून वाडी तळमळू लागली. सकाळी तेरा घरांत तेरा भोपळे होते. दुकानातलं खोबरं दहा वाजेतो संपलं, मग लोक वळसंगला माणसं पाठवायला लागले. गिरणी बंद, मास्तर रजेवर, आणि सरपंच वाडीचा दौरा टाळून घरात बायकोला पंखा घालत बसलेले, कारण सुनेला वारा घालता घालता तिनं सुनेच्या हाताला हात लावला होता. विरुपाक्ष नऊ दिवस फिरकला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला नेमकं कुठं झालंय असं विचारलं तेव्हा त्यानं आधी दार लावून घ्यायला सांगितलं, ही बातमी त्याच्या आधी वाडीत पोचली होती.

गोजाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, पहिल्या दिवशी तिला फार बरं वाटलं, भाकरी दोन घास जास्त गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ती तीळ आणि खोबरं वाटून काव्याकडं गेली. पोरीचे डोळे मिटले होते, ओठ उलटे झाले होते, आणि आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला होता. गोजाबाईनं लेप लावला. उघड्या हातांनी लावला, तिला कसली भीती.

“अक्का, तुमी सांगितलं हुतं,” काव्या म्हणाली. “मी ऐकलं हुतं. पर समदी बगत हुती.” तिनं उशाखालचं कार्ड चाचपडून काढलं आणि गोजाबाईच्या हातात दिलं. “ह्ये तुमीच घिऊन जावा.”

गोजाबाईनं ते फिरवून फिरवून पाहिलं. त्यावर काव्याचा फोटो होता, त्यामुळं ते तिच्या उपयोगाचं नव्हतं. तिनं ते परत उशाखाली ठेवलं. बाकीच्या बारा जणींनी आपापली कार्डं विरुपाक्षाकडं परत पाठवायची म्हणून समाजमंदिरात नेऊन टाकली. समृद्धी पुरे झाली, असं सगळ्यांचं एकमत पडलं.

दहाव्या दिवशी विरुपाक्ष आला. गाडीतून जपून उतरला, पाय फाकवून चालला आणि सरळ गोजाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तर नको म्हणाला. कंपनीला महिनाअखेर माल पाहिजे होता, पुड्या छापून तयार होत्या, आणि कार्ड असलेली एकही बाई बिब्ब्याचं नाव काढू देत नव्हती. आता आजींनीच सांभाळून घ्यावं, त्याचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. सांभाळते की, गोजाबाई म्हणाली, कार्ड द्या.

त्यानं यंत्र काढलं. यंत्र उघडायला आधी समन्वयकाचा अंगठा लागतो. विरुपाक्षानं अंगठा ठेवला आणि दिवा लाल झाला. त्याच्या अंगठ्याची साल निघून खाली गुलाबी, कोवळं, कोरं कातडं आलं होतं. तो बराच वेळ त्या दिव्याकडं बघत राहिला. गोजाबाईला वाटलं, आता ह्याला कळेल. तिनं चहाला आधण ठेवलं.

चहा उकळायच्या आत काम झालंसुद्धा. त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला, कानडीत दोन आणि मराठीत चार वाक्यं बोलला, तिकडून कुणीतरी काहीतरी दाबलं आणि यंत्र उघडलं. कर्मचाऱ्यांच्या बोटांना इजा झाली तर तशी सोय आहे, तो म्हणाला, फोनवरच होतं. मग आमची सोय का नाही झाली, असं गोजाबाईनं विचारलं नाही. मनकर्णानं विचारलं. विरुपाक्ष म्हणाला की तुम्ही कर्मचारी नाही, तुम्ही लाभार्थी आहात.

पण ह्या खेपेला त्यानं जिवापाड शोधलं. उभ्या उभ्या, घाम पुसत, यंत्रातले सगळे रकाने खालीवर केले. गरज कुणाची आहे यावर नजर किती बारीक होते ते ठरतं. आणि खरंच, अगदी तळाला त्याला एक रकाना सापडला.

“आजी, मार्ग निघाला,” तो म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता. “ह्या लोकांना अंगठ्यातून सूट आहे. आत्ता कार्ड देतो, उद्या रानात जा.”

कुठल्या लोकांना, गोजाबाईनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं. तिला नीट कळलं नाही म्हणून परत वाचून दाखवलं. दोन्ही हात नसलेल्या व्यक्ती.

गोजाबाईनं आपले हात मांडीवर उपडे ठेवले, मग उताणे केले. काळपट, चकचकीत, कडेला राखेनं चिरलेले. ह्या हातांनी काढलेल्या गोडंबीतून किती बाळंतिणींचे लाडू झाले त्याची गणतीच नव्हती. वाडीतल्या पोरींनी तिच्याकडून शिकायला यावं असं तिला वाटायचं, तेही ह्याच हातांच्या जोरावर. कुणी तोंडावर थुंकलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं.

“निस्तं रेघा न्हाईत असं लिवा की सायेब,” ती म्हणाली. “हात हायती, रेघा न्हाईत. खरं त्येच हाय.”

“रेघा नसल्याचा रकाना नाही, आजी. हात नसल्याचा आहे.”

त्यानं समजावलं की हे फक्त कागदापुरतं. कुणी बघायला येत नाही. शेजारच्या तालुक्यात एका धडधाकट माणसाला मयत दाखवून योजना दिली होती, तो अजून मजेत आहे. गोजाबाईच्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठचा सडा होता. वळणावरच्या झाडाला अजून हात लागला नसेल, बाकीच्यांखालचे किडायला लागले असतील, आणि आठ दिवस गेले की तेही राहणार नाहीत. पुढच्या वर्षी काय, हा प्रश्न पुढच्या वर्षीचा होता. मनकर्णा तिच्याकडं बघत होती, कारण जे ही करील तेच तिलाही करावं लागणार होतं.

“भरा,” गोजाबाई म्हणाली.

कागद भरला गेला. मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की मला दोन्ही हात नाहीत. विरुपाक्षानं तो तिच्यापुढं पाटावर ठेवला आणि पिशवीतून शाईची डबी काढली, कारण शपथपत्राच्या खाली अर्जदाराचा अंगठा लागतो, आणि हा कागदावरचा असल्यामुळं त्याला रेघांची अट नव्हती. गोजाबाईनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि त्यानं बोट दाखवलं तिथं दाबला. एक काळा, गुळगुळीत डाग उठला. छान आला, असं विरुपाक्ष म्हणाला आणि कागदावर फुंकर घालू लागला. मग त्याच्या लक्षात आलं की आजींचा अंगठा तसाच हवेत आहे. त्यानं खिशातून पांढरा कागदी रुमाल काढून तिच्यापुढं धरला आणि हात पुसून घ्या म्हणाला.

गोजाबाईनं रुमाल घेतला नाही.

“कसलं हात?” ती म्हणाली. “आताच लिवून दिलंय की तुमास्नी, न्हाईत म्हनून.”

विरुपाक्षाला तो विनोद वाटला, म्हणून तो मोठ्यानं हसला आणि मनकर्णाचा कागद भरायला घेतला.